एकेरी सोबत

सिन्नरच्या एका घरात नवरा-बायको एकाच वेळी चक्कर येऊन पडले. शेजारणीनं दार ढकलून पाहिलं तेव्हा आजोबा सोफ्यावर कलंडलेले होते आणि आजी स्वयंपाकघराच्या दारात, कपाळाला खोक पडलेली. दोघं वाचले. दोघांच्याही गळ्याच्या हाडाखाली ‘सोबती’ हे यंत्र बसवलेलं होतं, आणि पडण्याआधी दोन्ही यंत्रं एकाच क्षणी अडकली होती.

ही तक्रार नाशिकच्या सातपूरमधल्या ऑफिसात आली आणि सानिका पिंगळेच्या टेबलावर थांबली, कारण ‘सोबती’ची माहिती डेटाबेसमधून काढून देणारा प्रोग्रामचा मधला थर तिनं लिहिलेला होता.

तिनं सिन्नरच्या नोंदी उघडल्या. आजोबांचं नाव, त्याखाली आजींचं, त्याखाली पुन्हा आजोबांचं, पुन्हा आजींचं. ती खाली सरकत राहिली तरी नावं संपेनात. तिनं शेजारच्या खोलीत जाऊन इम्तियाज काझींना बोलावलं. इम्तियाज सर तिचे वरिष्ठ, शांत डोक्याचे म्हणून ऑफिसात ओळखले जाणारे. त्यांनी उभ्याउभ्याच पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

“किती घरांत असेल हे?” त्यांनी विचारलं.

“जिथे जिथे जोडी आहे तिथे, सर. कालच्या अपडेटनंतर सगळीकडे.”

“तुझे आईबाबा?”

“तेही जोडीच आहेत,” सानिका म्हणाली.

‘सोबती’ ज्या शोधावर उभं होतं तो तसा साधा होता. वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्या माणसांची शरीरं एकमेकांच्या तालावर चालू लागतात. एकाची झोप उडाली की दुसऱ्याची नाडी पहाटेपासून जलद होते, एकाचा रक्तदाब चढला की थोड्या वेळानं दुसऱ्याचाही चढतो, आणि दोघांना त्याचा पत्ताही नसतो. हृदयाच्या रुग्णांसाठी ही मोठीच बातमी होती. आतापर्यंतची यंत्रं रक्तदाब चढल्यावर औषध सोडत. ‘सोबती’ जोडीदाराकडे पाहून तो चढायच्या आधीच सोडत असे. त्यासाठी सर्व्हरवर प्रत्येक रुग्णाचा अंदाज सतत मांडला जाई आणि त्या अंदाजात जोडीदाराचा अंदाज मिसळला जाई. गेल्या दोन उन्हाळ्यांत, नाशिकमध्ये उन्हामुळे दुपारी रस्ते बंद ठेवायची वेळ आली तेव्हाही, ज्यांच्याकडे ‘सोबती’ होतं ती माणसं तगून राहिली होती.

घोटाळा होता तो माणसं कशी साठवली होती त्यात. डेटाबेसमध्ये माणूस नसतो, ओळी असतात. आजोबांची एक ओळ, आजींची एक, आणि प्रत्येकीत दुसरीचा क्रमांक. प्रोग्रामला मात्र ओळी नको असतात, त्याला आख्खा माणूस लागतो. ओळींतून असा माणूस उभा करणं हे सानिकाच्या थराचं काम. आजोबा उभे करायचे तर त्यांची जोडीदार म्हणून आजीही उभ्या कराव्या लागतात. आजी उभ्या करायच्या तर त्यांचे जोडीदार म्हणून आजोबा. नातं दोन्ही बाजूंनी लिहिलं की हे असं होणारच, आणि ते प्रत्येक प्रोग्रामरला माहीत असतं. म्हणून थर लक्षात ठेवतो की आजोबांना आपण आत्ताच उभं केलंय, दुसरे नकोत, तेच दे. तिथे फेरा तुटतो.

कालच्या अपडेटमध्ये कुणीतरी सुचवलं होतं की जोडीदाराचा अंदाज शिळा नको, दर वेळी ताजा करून घ्या. सानिकानं ते मान्य केलं होतं. त्यामुळे दर फेरीत आजोबांची नवी प्रत तयार होऊ लागली. माणूस तोच, प्रत नवी. थराला ते ओळखू येईनात. शिवाय प्रत्येक फेरीत थोडी भर पडत होती. आजींना काळजी वाटणार म्हणून आजोबांचा आकडा वर, आजोबांचा वर म्हणून आजींचा आणखी वर. खऱ्या घरात दोघं टीव्ही बघत बसलेले, आणि सर्व्हरवर त्यांची भीती वाढत चाललेली. शेवटी वेळ संपून सगळं तुटायचं, आणि तुटण्याआधीचा शेवटचा आकडा यंत्राकडे जायचा. यंत्र त्यावरून भलतंच औषध सोडायचं.

“अपडेट मागे घे,” इम्तियाज सर म्हणाले.

“नव्या मोजमापांचे तक्ते जुन्या प्रोग्रामला वाचता येत नाहीत. मी पाहिलं.”

“मग नीट दुरुस्तीला किती लागेल?”

“तपासणी धरून आठवडा तरी. तोवर सगळ्यांना ठरावीक डोसवर टाकायचं म्हटलं, तर या उन्हात ते धोक्याचं आहे.”

इम्तियाज सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. दोघांनाही उत्तर दिसत होतं आणि ते बोलून दाखवायची घाई कुणालाच नव्हती.

“एक बाजू तोडायची,” ते शेवटी म्हणाले. “जोडीतल्या एकाला दुसरा दिसेल. दुसऱ्याला नुसता क्रमांक. फेरा राहणारच नाही.”

“कोणाची बाजू तोडायची?”

“घरच्यांना विचारायचं. ज्यांना सांगता येत नसेल त्यांच्यासाठी नियम लावू, ज्याचं हृदय जास्त कमजोर त्याच्याकडे दुसऱ्यानं बघायचं.” ते उठले, मग दारात थांबून म्हणाले, “फार खोलात जाऊन सांगू नका कुणाला. घाबरली माणसं तर आकडे तसेही चढतील.”

दिवसभर सगळं ऑफिस फोनवर होतं. लोक विचारत, म्हणजे मला काही झालं तर हिला कळणार नाही का? उत्तर देणारे चाचरत. कुणी मुलांवर सोपवलं, कुणी फोनवरच भांडू लागलं. आपल्या घरचा फोन सानिकानं केला नाही. ती संध्याकाळी स्वतःच गेली.

तिचे आईबाबा पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर राहत. वडील मुकुंदराव द्राक्षांच्या शीतगृहात यंत्रांच्या देखभालीवर होते. निवृत्त झाले तरी घरातला नळ, पंखा, कुलूप, काही धड चालू असलेलं त्यांना बघवत नसे. आई शैलजाबाई तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवायच्या. अर्ध्या नाशिकच्या बायकांना मी पाण्यात ढकललंय, असं त्या अजूनही सांगत. हृदय दोघांचंही अधू होतं, बाबांचं जास्त.

आई गच्चीवर कपडे काढायला गेली तेव्हा बाबांनी सानिकाला गॅलरीत बोलावलं. तिनं आल्या आल्या दोघांना थोडं सांगितलं होतं, बाकीचं त्यांनी बातम्यांत ऐकलं होतं.

“एकालाच दुसऱ्याचं कळणार म्हणे?”

“हो बाबा. थोडे दिवसच.”

“मग मला कळू दे. तिला माझं नको.” त्यांनी सदऱ्याचं बटण सोडून गळ्याखालचा हिरवा ठिपका दाखवला. तो सोबतीचा दिवा, कातडीतून अंधुक दिसायचा. जोडीदाराचं काही बिघडलं की तो थरथरून सूचना देत असे. “हा असला की मला बरं वाटतं. ती आत असली, बाहेर असली, हा गप्प आहे म्हणजे ती ठीक आहे. तिला कशाला माझं ओझं? मी धडपडत असतो, माझा आकडा सारखा वरखाली.”

आई कपडे घेऊन खाली आली. बाबा दूध आणायला गेले तशी ती घड्या घालता घालता म्हणाली, “काय ते एकाचं करायचंय ना, माझ्याकडे ठेव.”

“म्हणजे?”

“मला त्यांचं कळू दे. त्यांना माझं नको. काही झालं तर ते जिन्यानं धावत सुटतील, आणि तिथेच पडतील. त्यांना सांगू मात्र नकोस, चिडतील.”

सानिका दोघांच्या मधे बसून जेवली. बाबा आईला म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. आई म्हणाली, तुम्हाला तेवढंच चालतं. दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नाही, आणि दोघंही अधूनमधून मुलीकडे बघत होते.

तिला ते दोघांसमोर बोलता आलं असतं. तिनं तसं ठरवलंही. पण बोललं तर वाद होईल, वाद झाला तर दोघांची नाडी चढेल, आणि या क्षणी दोघांची यंत्रं सरळ चालत नव्हती. तिनं मोबाइल उघडून नियमाप्रमाणे भरलं. बाबांचं हृदय जास्त कमजोर, म्हणून आईच्या यंत्राला बाबा दिसतील. बाबांच्या बाजूला आईचा नुसता क्रमांक.

निघताना बाबांनी दारात विचारलं, “झालं ना मी सांगितलं तसं?”

“झालं बाबा.”

लिफ्टपर्यंत आई आली. तिनं विचारलं नाही, नुसती भुवई उंचावली. सानिकानं तिलाही मान हलवून हो म्हटलं.

लिफ्टमध्ये तिला आठवलं की बाबांचा हिरवा दिवा आताही लागलेलाच राहील. जोडी आहे एवढंच तो दिवा सांगायचा. कोणाला कोण दिसतंय हे त्यात नव्हतं. ती परत वर जाऊ शकली असती. आठवडाभराचा तर प्रश्न आहे, असं म्हणून ती गेली नाही.

त्यानंतरचे दिवस तिनं पडद्याच्या एका कोपऱ्यात आईबाबांच्या रक्तदाबाचे आकडे उघडे ठेवून काम केलं. घरचा संपर्क म्हणून तिला ते बघायची परवानगी होती. नवा प्रोग्राम लिहिताना दर थोड्या वेळानं तिची नजर तिकडे जायची. आकडे ठीक असले तरी ते ठीक असण्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. दिवसातून चारदा ती फोन करू लागली. आई म्हणाली, तुला काय झालंय? काही नाही, सहज, असं म्हणून ती ठेवून द्यायची.

गुरुवारी दुपारी, रस्ते बंद व्हायचा भोंगा वाजून गेल्यावर, बाबांचा आकडा चढला. फार नाही. बाबा काहीतरी उचलत असतील, असं तिला वाटलं. मग आईचा आकडा उतरू लागला.

तिनं खुर्ची पुढे ओढली. आईचा वरचा आकडा शंभराखाली गेला, आणखी खाली जाऊ लागला. तिनं आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग बाबांना.

“बोल,” बाबा म्हणाले. आवाज दमलेला होता.

“बाबा, आई कुठे आहे?”

“आत असेल. पडली असेल जरा.”

“तिला उठवा. लगेच.”

“कशाला? गच्चीवर टाकीची जाळी सुटली होती, ती बांधून मी आत्ताच खाली आलोय. जरा बसू दे मला. ती ठीक आहे.”

“बाबा, तुम्ही उठून बघा.”

“अगं, माझा दिवा हिरवा आहे. गप्प आहे. तिला काही झालं असतं तर...”

“बाबा, तुमच्या यंत्राला ती दिसत नाही.”

“म्हणजे?”

“मी खोटं सांगितलं. तुम्हाला ती दिसत नाही. प्लीज जा तुम्ही.”

फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मग चपला फरफटल्याचा, दार उघडल्याचा. मग बाबांचा आवाज, लांबून, “शैला. ए शैला.” मोठ्यानं नाही, जवळ वाकून बोलल्यासारखा. सानिकानं दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली आणि पहिला फोन कानाला धरून उभी राहिली. इम्तियाज सरांनी काही न विचारता तिच्या हातातून दुसरा फोन घेतला आणि पत्ता सांगू लागले.

आई पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत पडलेली होती. उठायला गेली आणि तोल गेला. उजवं मनगट तिच्याच अंगाखाली मोडलं होतं. शुद्ध अर्धवट. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बाबा बसले होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. सानिका शेजारी बसली तसे ते थोडे सरकले, पण जागा करून देण्यासाठी नाही.

“औषधानं उतरला म्हणे तिचा रक्तदाब,” ते म्हणाले.

“हो.” तिनं येताना गाडीत नोंदी पाहिल्या होत्या. सांगायला नको वाटत होतं, पण आता काही लपवायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं. “तुम्ही उन्हात वर चढलात, तुमचा आकडा चढला. आईच्या यंत्राला तुम्ही दिसत होता. त्यानं धरलं की आता तिचाही चढणार, म्हणून आधीच औषध सोडलं. पण ती झोपली होती. तुम्ही गच्चीवर गेलाय हेच तिला माहीत नव्हतं. तिचा चढलाच नाही. औषध मात्र गेलं.”

“म्हणजे माझ्यामुळे.”

“नाही बाबा. मी तशी जोडणी केली म्हणून.”



“ते जोडणीचं मला कळत नाही,” ते म्हणाले. “यंत्रं बिघडतात, मी आयुष्यभर तेच बघितलंय. पण ते आंधळं आहे हे तू मला सांगितलं असतंस, तर मी खाली आल्यावर आधी आत डोकावलो असतो. मी पंखा लावून बसलो. ती आत पडलेली आणि मी वारा घेत बसलो.”

सानिका त्यांच्या हातावर हात ठेवायला गेली तेव्हा त्यांनी तो खिशात घातला.

त्या दिवसानंतर ते तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. गोळ्या आणल्यास का, डबा ठेव तिथे, एवढंच. सानिका सकाळी हॉस्पिटलात, मग ऑफिसात, मग परत हॉस्पिटलात. ऑफिसात नवा प्रोग्राम तिनं स्वतः पुरा केला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. त्यातली दुरुस्ती थोडक्यात सांगण्यासारखी होती. जोडीदार आख्खा उभा करायचाच नाही. त्याची ओळख आणि त्याचं आत्ता मोजलेलं माप, एवढंच आणायचं. त्याचा अंदाज आणायचा नाही, त्याचा जोडीदार कोण हे विचारायचंच नाही. परत यायला वाटच ठेवली नाही, की फेरा होत नाही. आणि औषध सोडायचं ते रुग्णाचं स्वतःचं माप हललं तरच. दुसऱ्याचं माप फक्त सावध व्हायला.

“हे पहिल्यापासून असंच करायला हवं होतं,” इम्तियाज सर तपासून झाल्यावर म्हणाले.

“मला दिव्यातही बदल करायचाय, सर.”

“दिवा या कामात नाही.”

“ज्याला जोडीदार दिसत नाही त्याचा दिवा हिरवा नको. पिवळा करा, बंद करा, काहीही. आणि जोडणी बदलताना दोघांच्या अंगठ्याचे ठसे लागतील, दोघं एका जागी असताना. मुलांना परस्पर भरता येणार नाही.”

“लोक कटकट करतील. अमेरिकेत मुलगा आणि इकडे आईवडील अशी शेकडो घरं आहेत.”

“करू देत.”

“वरच्या साहेबांना मी सांगतो,” इम्तियाज सर म्हणाले. “फार खोलात सांगू नका, हे मीच म्हणालो होतो.”

आई घरी आली तेव्हा हाताला प्लास्टर होतं आणि चेहरा उतरलेला. बाबांनी तिच्यासाठी खिडकीजवळ आरामखुर्ची मांडली होती. दुपारची जेवणं झाल्यावर सानिका मोबाइल घेऊन दोघांच्या समोर स्टुलावर बसली. सर्व्हरचा कुठलाही बिघाड तिला इतका अवघड गेला नव्हता.

“नवी जोडणी करायची आहे,” ती म्हणाली. “आता दोघांनाही दोघं दिसू शकतात, त्यात धोका नाही. पण त्याआधी मला एक सांगायचंय. गेल्या वेळी तुम्ही दोघांनी मला वेगवेगळं सांगितलंत. बाबा म्हणाले, मला तिचं कळू दे, तिला माझं नको. आई, तूही तेच म्हणालीस, उलट बाजूनं. मी दोघांना हो म्हटलं.”

आईनं बाबांकडे पाहिलं. “तुम्ही असं म्हणालात?”

“तू काय कमी केलंस?” बाबा म्हणाले. आवाजात चिडचिड होती, पण ते आईकडे न बघता प्लास्टरकडे बघत होते.

सानिकानं नवी पद्धत समजावून सांगितली. दुसऱ्याचं फक्त माप दिसेल. त्यावरून आपोआप औषध सुटणार नाही. काही बिघडलं तर दिवा थरथरेल. बाबांनी एकदोन प्रश्न विचारले, खरोखरचे, यंत्राबद्दलचे. इतक्या दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदाच सलग बोलत होते. मग ते म्हणाले, “मला चालेल. दोन्हीकडून लाव.”

“मला नको,” आई म्हणाली.

“काय नको?”

“मला यांचं दिसायला नको. यांना माझं दिसू दे, हवं तर.”

सानिकाला वाटलं, आईला नीट समजलं नाही. “आई, आता त्यात भीती नाही. तू पडलीस ते जुन्या...”

“ते कळलं मला.” आईनं मान मागे टेकली. “तू आठवीत होतीस तेव्हा यांना पहिला झटका आला. तेव्हापासून मी यांच्याकडे बघतेय. जिन्यात पाऊल वाजलं की ते जड आहे का हलकं ते ऐकतेय. तलावावर बायकांना हात मारायला शिकवताना माझा एक डोळा फोनवर असायचा. मग हे यंत्र आलं, तर तेच माझ्या छातीत बसलं. त्या दिवशी तू आलीस तेव्हा मी सवयीनं म्हणाले, माझ्याकडे ठेव. हॉस्पिटलात ते बंद केलं होतं ना, तेव्हा मला पहिल्यांदा गाढ झोप लागली. मी दमलेय गं.”

सानिकानं बाबांकडे बघायचं टाळलं, मग न राहवून पाहिलं. त्यांचा चेहरा लहान झाल्यासारखा दिसत होता.

“हे मला कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“बोलले असते तर तुमचं वाढलं असतं. तुमचं वाढलं की माझं.” आई किंचित हसली. “मग तुम्ही विचारणार, तुला काय झालं, आणि मी म्हणणार, तुम्हाला काय झालं.”

बाबांनी नाक ओढलं. उठून पाण्याचा तांब्या भरून आणला, तो तिच्या डाव्या हाताला लागेल असा ठेवला आणि परत येऊन बसले.

“धोका कितपत आहे?” त्यांनी सानिकाला विचारलं. “तिच्या बाजूला काही नसलं तर?”

“थोडा आहे,” सानिका म्हणाली. “तुमचं काही बिघडलं तर तिच्या यंत्राला आधी कळणार नाही. त्याचा ताण तिच्यावर एकदम येईल. मी त्याला काही करू शकत नाही.” इतके दिवस ती असंच काहीतरी शोधत होती ज्यात थोडासुद्धा धोका उरणार नाही.

“आणि मला काही झालं तर हिला सांगणार कोण?”

“तुम्हीच,” आई म्हणाली. “तोंडानं. गच्चीवर चढायच्या आधी.”

बाबा सानिकाला म्हणाले, “तिच्या बाजूला रिकामं ठेव. माझ्या बाजूला ती.”

सानिकानं भरलं. पडद्यावर सूचना आली की एक बाजू रिकामी राहणार आहे, दोघांना मान्य आहे का. बाबांनी अंगठा ठेवला. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिनं डावा पुढे केला. तो पडद्यावर नीट टेकेना, तेव्हा बाबांनी तिचं मनगट खालून धरलं. आईचा दिवा पिवळा झाला. तिनं मान वाकवून बघितला आणि साडीचा पदर त्यावर ओढून घेतला.

सानिकानं मोबाइल खाली ठेवला. तिला अजून खूप सांगायचं होतं. दर तासाला ती स्वतः आकडे बघेल, तपासणी कधी आहे, कुठली गोळी बदलली आहे, आणि त्या दिवशी लिफ्टमधून ती परत वर यायला हवी होती. तिनं तोंड उघडलं, तोच बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. आईचे डोळे मिटले होते.

“हळू,” ते म्हणाले. “तिला झोपू दे.”

ते खुर्ची न वाजवता उठले, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि सानिकाला खुणेनंच बाहेरच्या खोलीत चल म्हणाले.